गिरणी थांबली म्हणजे लाईन गेली

टॉवर कॅम्प, जि. कोरापुट, ओरिसा
६ फेब्रुवारी १९९४

ताई,

पुन्हा तेच केलंस. चार पानं लिहिलीस, आबांचा दमा लिहिलास, शेळीला दोन करडं झाली ते लिहिलंस, माझा पाय एका जागी ठरत नाही म्हणून झापलंस, आणि मी विचारलं त्याचं उत्तर तेवढं नाही. मी एवढंच विचारलं होतं, की नितीन ‘आकडा टाकताना मेला’ हे तुझ्या ऑफिसच्या कागदावर आलं कसं? शेळीचं मी विचारलं नव्हतं.

कॅम्प पुढे हलला होता, म्हणून तो गेल्याची तार मला लई उशिरा मिळाली. तोवर राख पण थंड झालेली. मी कुणाकडे रडू? इथं शेजारी झोपतो तो बिहारचा, त्याला ‘चुलत भाऊ’ म्हणजे कोण हे सांगतासांगताच माझं रडू आटलं. चुलत म्हणायला. कोंडीरामकाका गेले तेव्हापासून तो आपल्याच अंगणात वाढला. गाव सोडताना माझी पक्कड आणि रबरी बूट मी त्याला देऊन आलो, ते पण चुलत म्हणून दिले का?

माझ्यानंतर झिरो वायरमन तोच झाला. हे तुला काय सांगायचं म्हणा, तू तर सोसायटीची साहेबीण. पण कधीकधी वाटतं तुला नव्यानंच सांगावं. डोंगरखोरे वीज सोसायटीचा पगारी लाईनमन म्हणजे पुंजाराममामा. त्यांचे गुडघे गेलेले, मग खांबावर चढणार आमच्यासारखा बिनपगारी. हजेरीवर नाव नाही म्हणून झिरो. लोक खुशीनं देतील ती पायलीभर बाजरी, एखादा चहा, आणि आशा एकच, की कधीतरी परमनंट करतील. मी तीन वर्षं वाट बघून कंटाळलो आणि निघालो. कोपरगावला कारखान्यात टिकलो नाही, नगरला टिकलो नाही, इथं येऊन पडलो. तो टिकला. टिकला म्हणून गेला.

आता आकड्याचं. आकडा टाकतात तो खालच्या घरगुती तारेला. नितीन चिकटला तो वरच्या अकरा हजाराच्या लाईनीला, आणि ते पण वस्तीपासून लांब, माळावर, जिथं उजेड द्यायला एक झोपडीसुद्धा नाही. अकरा हजाराला आकडा टाकणारा शहाणा मी अजून बघितला नाही. तुझ्या साहेबाला हे कळत नसेल तर तो इंजिनिअर कसला, आणि कळत असेल तर तो माणूस कसला?

त्याच्या घरावर, गीताकाकूच्या घरावर आकडा आहे, म्हणतील. आहे ना. सगळ्या वस्तीवर आहे. तू नोकरीला लागेपर्यंत आपल्या घरावर पण होता. त्याच उजेडात बसून तू डिप्लोमाचा अभ्यास केलास.

दिवाळीला नितीनचं कार्ड आलं होतं. लिहिलं होतं, परमनंट झालो की पहिलं काम आईच्या नावाचं मीटर, आणि आकडा काढून चुलीत घालणार. लोखंडाची तार चुलीत कशी जळंल रे येड्या, असं मी त्याला लिहिणार होतो. लिहायचं राहिलं.

आईआबांना जयभीम सांग.

तुझा
भीमराज


राजूर
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय भीमराज,
सप्रेम जयभीम.

शेळीचं लिहिलं, कारण त्या दिवशी दुसरं काही लिहायला हात वळत नव्हता. आज लिहिते.

माळावरच्या खांबावर दोन तारा जोडणारा जंपर तुटला होता. पलीकडच्या चार गावांच्या मोटारी बंद, आणि गहू ओंबीत आलेला. नियम तुला पाठ आहे. लेखी लाईन क्लिअर घ्यायची, सबस्टेशनातून सगळा फीडर बंद करायचा, कामाच्या दोन्ही बाजूंना तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची, मगच माणूस चढवायचा. त्यात अर्धा दिवस जातो. आणि आपल्याकडे वीज असतेच किती वेळ? तेवढ्यात अर्धा दिवस मीच बंद ठेवली तर शेतकरी ऑफिसला कुलूप घालतात, दवाखान्यातल्या फ्रिजमधल्या लसी जातात. म्हणून जे चालत आलंय तेच चालू राहिलं. मामांनी सायकलवर जाऊन ओढ्याकाठचं लाईन तोडायचं हँडल ओढायचं, चढणाऱ्यानं माळावर खांबाशी थांबायचं, आणि गावातली लंकाबाईची गिरणी थांबली की समजायचं, लाईन गेली. दहा मिनिटांचं काम. तूही तीन वर्षं त्याच आवाजावर चढलास.

त्या दिवशी गिरणी थांबली. पण मामा हँडलाजवळ पोचलेच नव्हते. सायकलची चेन पडलेली, ती बसवत वाटेत उभे होते. गिरणी थांबली ती पट्टा उतरला म्हणून. लंकाबाई पट्टा चढवत होती आणि नितीन खांब चढत होता.

मी ऑफिसात होते. सकाळी मामांना मीच म्हटलं होतं, “मामा, लवकर उरका, लोक आलेत.” कोणाला चढवणार हे मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं, विचारलं की नियम आड येतो.

आकड्याचा रिपोर्ट मी लिहिलेला नाही. वरच्या साहेबांनी लिहिला, मला नंतर दाखवला. म्हणाले, “यशोधराबाई, तुमचा जबाब याला धरून असू द्या, सगळ्यांच्याच भल्याचं आहे.” २२ मार्चला नगरला चौकशी समिती बसेल. तिथे मला बोलायचं आहे.

आता तू शिव्या देण्याआधी ऐक. मी तशा जबाबावर सही केली तर मामा ऑगस्टमध्ये सुखानं रिटायर होतील. गीताकाकूला ऑफिसात झाडलोटीचं कायम काम मिळेल, साहेबांनी कबूल केलंय. आणि वरच्या अकरा वाड्या. तिथे खांब उभे आहेत, फक्त तारा ओढायच्या राहिल्यात. तिथल्या बायका बाळंतीण होतात त्या चिमणीच्या उजेडात. खरं बोलून मी निलंबित झाले की ते काम थांबेल, आणि एकदा थांबलेलं काम आपल्याकडे किती वर्षं थांबतं ते तुला माहीत आहे. सही नाही केली तर? नितीन सोसायटीचा नोकर नव्हताच, तेव्हा काकूला भरपाई मिळेलच असं नाही. फक्त एक शब्द बदलेल.

मागच्या वर्षी सोसायटीनं आम्हाला नगरला आठवडाभर वर्गाला पाठवलं होतं. एक म्हातारे सर इंजिनिअरनं बरंवाईट कसं ठरवावं ते शिकवायचे. ते म्हणाले, दोन वाटा आहेत. एका वाटेचे लोक म्हणतात, परिणाम बघा. ज्यानं जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त भलं होईल ते करा, ते बरोबर. दुसऱ्या वाटेचे म्हणतात, परिणाम तुमच्या हातात नसतो, कर्तव्य असतं. काही गोष्टी कितीही भलं होणार असलं तरी करायच्या नाहीत. खोटं बोलायचं नाही. माणसाला दुसऱ्या कशासाठी तरी वापरायचं नाही, तो साधन नव्हे. आणि स्वतःला एखादी सूट घेताना विचारायचं, हीच सूट सगळ्यांनी घेतली तर चालेल का?

मी त्यांना विचारलं होतं, “सर, दोन्ही वाटा एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या तर?” ते हसले आणि म्हणाले, “तेव्हा वर्ग संपलेला असतो, बाई.”

शेवटच्या दिवशी पेपर होता. दुसऱ्या वाटेवर मी फार छान लिहिलं. सगळ्यांत जास्त मार्क मला.

खोकला झाला असेल तर आडुळशाचा काढा घे. तिकडे आडुळसा मिळतो का?

तुझी
ताई


टॉवर कॅम्प
५ मार्च १९९४

ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग बिहाऱ्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, तेरी दीदी बहुत पढ़ी-लिखी है. मी म्हटलं, हां, वही तो रोना है.

मी सातवी नापास. पण तुझ्या त्या पहिल्या वाटेचा तराजू मी पण धरून बघितला. एका पारड्यात अकरा वाड्या, मामांची पेन्शन, काकूचा झाडू, तुझी खुर्ची. दुसऱ्या पारड्यात नितीन. आणि नितीनला वजनच नाही! मेलेल्या माणसाचं भलं काय होणार आणि वाईट काय होणार? त्याला चोर म्हणा, साव म्हणा, पारडं हलत नाही. म्हणजे त्या तराजूत मेलेला माणूस बसतच नाही, ताई. म्हणून साहेबाला सोपं गेलं.

दुसऱ्या वाटेचं मला एवढंच कळलं, की माणसाची पायरी करायची नाही. बरोबर ना? मग नितीन पायरी होता. चार गावांचा गहू त्याच्यावर पाय देऊन वर आला. मी पण पायरी होतो. तेव्हा तुला काही वाटलं नाही, कारण मी रोज जिवंत खाली उतरायचो आणि घरी येऊन तुझ्याच शेजारी जेवायचो.

आणि ती सूट. सगळ्यांनी घेतली तर चालेल का, असं विचारायचं म्हणतेस. इथं येऊन बघ, सगळ्यांनीच घेतली आहे. टोळीत माणसं जास्त आणि कमरेचे पट्टे कमी. मुकादम म्हणतो, पावसाच्या आधी नदीपलीकडे तार गेली पाहिजे, अख्खा जिल्हा वाट बघतोय. अख्खा जिल्हा! तुझे साहेब आणि आमचा मुकादम एकाच वर्गाला बसले होते का गं?

तू काय लिहितेस, तर ‘फक्त एक शब्द बदलेल’. त्या पोराकडं दुसरं होतं काय? ना पैसा, ना जमीन, ना हजेरीवर नाव. वस्तीत कुणाची बत्ती गेली की जेवण टाकून धावणारा. काकू दुकानावर गेली की मागनं पोरं म्हणणार, ही आकडेवाल्याची आई.

मला वाटतं तू खुर्चीला भितेस. वाड्या आणि मामा हे सगळं नंतर सुचलं. आपल्यातली पहिली इंजिनिअर म्हणून फोटो लावलाय ना समाजमंदिरात, तो काढतील याची भीती.

बावीस तारखेला खरं सांग. मामांनी चढवला, तू ‘लवकर उरका’ म्हणालीस, तो सोसायटीच्या कामावर मेला. नाही सांगितलंस तर मला बहीण नाही असं मी समजंन, आणि तू पण समज की भाऊ परमुलखात गेला तो गेलाच.

भीमराज


टॉवर कॅम्प
१५ मार्च १९९४

ताई,

मागचं पत्र मिळालं असलं तर फाड. मिळालं नसलं तर आल्यावर न वाचता फाड.

काकूचं कार्ड आलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय, पण शब्द तिचेच. लिहिते, “भीमा, तुझ्या ताईला सांग, सायेब म्हनत्यात तसं लिहू दे. माझा नितीन कसा हुता ते मला ठावं हाय, कागुद वाचून मला कळायचं न्हाई. झाडूचं काम लागलं तर मी कुनाच्या बांधावर खुरपायला जानार न्हाई. माझं मनगट आता चालत न्हाई. एवढं ऐक.”

मी दिवसभर कामावर गेलो नाही. तंबूत पडून होतो. मी तुला म्हटलं होतं, मेलेल्याला तराजूत जागा नाही. पण मी काकूचा झाडू धरला, जिती काकू कुठं धरली होती? ती खुरपं धरते तेव्हा करंगळी वाकडी राहते, ते मी लहानपणापासून बघतोय. आणि मी इथं बसून तिच्या पोराच्या नावाची इज्जत राखतोय. तिला विचारलं पण नाही.

तेव्हा सही कर. साहेब म्हणतो ते म्हण. नितीन असता तर तो पण हेच म्हणाला असता. आई सुखात राहत असेल तर मला चोर म्हणा, म्हणाला असता आणि हसला असता. त्याचं हसू आठवतंय का तुला? वरचा एक दात अर्धा.

तार करायला तालुक्याला गेलो होतो. वादळात तारा तुटल्यात म्हणे, चालू व्हायला आठवडा लागंल. आम्ही इथं एवढ्या तारा ओढतो आणि एक तार जात नाही. म्हणून हे पत्रच टाकतो. कारकुनाला विचारलं, बावीसच्या आत पोचंल का? त्यानं खांदे उडवले.

बहीण नाही वगैरे मी लिहिलं ते रागात. तसं काही नाही.

तुझाच
भीमराज


राजूर
२ एप्रिल १९९४

प्रिय भीमराज,

तुझं १५ तारखेचं पत्र २६ला आलं. अंगणात उभ्यानं वाचलं आणि मला हसू आलं. आई म्हणाली, “कशापायी हसतीस?” मी म्हटलं, “भीमराज म्हणतो सही कर.” आई आत निघून गेली.

मी २२ला खरं सांगून आले होते.

तीन जण बसले होते. मधल्या साहेबांनी विचारलं, “आकडा टाकताना हा प्रकार घडला, बरोबर?” मान हलवायची होती, बस्स. आदल्या रात्रीपर्यंत माझं ठरलेलंही तेच होतं. तुझं धमकीचं पत्र पर्समध्ये होतं तरीही. खोटं कशाला सांगू, तुझ्या पत्रानं मी रडले, पण ठरवलेलं बदललं नाही. पण समोर टेबलावर त्यांनी एका पिशवीत नितीनचं सामान ठेवलं होतं, पंचनाम्यातलं. त्यात तुझी पक्कड होती. मुठीवर तू तापल्या खिळ्यानं कोरलेला ‘भी’. ते म्हणाले, “चोरीचं साहित्य, ओळखता?” आणि माझ्या तोंडून निघालं, “ती चोरीची नाही. माझ्या भावाची आहे.” एकदा एवढं बोलल्यावर पुढचं थांबलंच नाही.

सगळं सांगितलं. गिरणी, पट्टा, मामांची सायकल, ‘लवकर उरका’. लिहून घेणारा सुद्धा हात थांबवून ऐकत होता. मग मधल्या साहेबांनी चष्मा काढला.

“बाई, मयत इसम तुमचा कोण?”

“चुलत भाऊ.”

“अच्छा.” ते बाजूच्या साहेबाकडे बघून म्हणाले, “मग हे घरचंच प्रकरण निघालं. भरपाईसाठी आता असा जबाब येणारच.”

मी म्हटलं, “साहेब, यात माझी नोकरी जाते. भरपाईसाठी कोणी नोकरी घालवतं का?”

ते म्हणाले, “तुमच्यात एकमेकांसाठी काय काय करतात, आम्हाला कुठं सगळं माहीत असतं?”

भीमराज, ‘तुमच्यात’ म्हणजे कुठं ते मी विचारलं नाही. वर्गात शिकवलेल्या कुठल्याच वाटेवर हा प्रश्न नव्हता.

परवा निकाल आला. अनधिकृत माणसाला लाईनवर चढू दिलं म्हणून मी निलंबित, मामाही निलंबित. आणि नितीनबद्दल काय, तर ‘मयताच्या घरी बेकायदा आकडा आढळला, सबब मूळ अहवाल बदलण्याचे कारण दिसत नाही’. म्हणजे मला शिक्षा करायला माझा जबाब खरा, आणि त्याला चोर न म्हणायला तोच जबाब खोटा. मी कागद दहा वेळा उलटून बघितला. मागे काही लिहिलं असेल म्हणून.

तो आकडा मी नोकरीला लागल्यापासून रोज बघत होते. काकूला मीटर घेऊन द्यायला मला काय लागलं असतं? पण एकीला दिलं की सगळी वस्ती मागेल, म्हणून नाही दिलं. तेही जास्तीत जास्त लोकांचा विचार करूनच.

२२ला नगरहून परतताना मामा त्याच एस.टी.त होते. पुढच्या सीटवर. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा नेहमीसारखा माझ्यासाठी चहा घेऊन आले, खिडकीतून हातात दिला, आणि परत आपल्या सीटवर जाऊन बसले. मला त्यांनीच पहिल्यांदा खांब ओळखायला शिकवलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर तो चहा प्यायला गेला असता.

काकू आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, “इंजिनेर झालीस तवा गावात गूळ म्याच वाटला हुता. माझं पोर चोर न्हवतं, ते मला ठावंच हुतं. ते सायबास्नी सांगाया गेलीस, आन् त्यांनी न्हाईच ऐकलं. मग माझा झाडू का घालवलास गं?” आईनं पाणी पुढे केलं, तिनं तांब्या तसाच खाली ठेवला. ती आता पुन्हा खुरपायला जाते.

वाड्यांवरचे खांब तसेच उभे आहेत. एका वाडीत त्यांना वेल चढवलाय म्हणे, घोसाळ्याचा.

मला काय वाटतं विचारशील. सही केली असती तर तेव्हाही मी हेच लिहिलं असतं, की झोप येत नाही. फक्त काकू उंबऱ्याच्या आत आली असती.

आणि एक सांगायचं राहिलं. लंकाबाई. तिला कोणी काही म्हटलं नाही, तिचा दोष तो काय! पण आता तिची गिरणी बंद पडली, दळण संपलं, पट्टा उतरला, काही झालं की ती पिठाच्या हातानं बाहेर येते आणि माळाकडे तोंड करून ओरडते, “लाईन हाय रं! लाईन हाय! चढू नगा!” माळावर कोणी नसतं. तरी ओरडते. पोरं हसायची आधी, आता हसत नाहीत.

तुझी
ताई


टॉवर कॅम्प
२० एप्रिल १९९४

ताई,

पत्र मिळून आठवडा झाला. रोज कागद घ्यायचो आणि ठेवून द्यायचो.

इथं बसून मी एकदा लिहिलं खरं सांग, एकदा लिहिलं खोटं सांग. दोन्ही वेळा माझं फक्त पोस्टाचं तिकीट गेलं. पक्कड दिसली तेव्हा खुर्चीत तू बसली होतीस, मी नव्हतो. खुर्चीचं मी जे लिहिलं होतं त्याची लाज वाटते, एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर ते पण फुकटच होईल.

इथलं सांगतो. नदीवर आमची तार एका जुन्या चालू लाईनीच्या वरून न्यायची होती. मुकादम म्हणाला, लाईन बंद केली आहे, चढ. मी म्हटलं, लेखी दाखवा. तो म्हणाला, “तू इंजिनिअर कब से बन गया?” सगळे हसले. मी म्हटलं, लेखी आल्याबिगर मी चढणार नाही, आणि खाली बसलो. मला वाटलं, चला, एक तरी काम तुझ्या दुसऱ्या वाटेनं झालं. त्यानं मला चढायच्या कामावरनं काढलं आणि खड्डे खणायला लावलं, मजुरी निम्मी. आणि मग काय झालं माहितीये? माझ्या जागी बिहाऱ्या चढला. त्याला घरी तीन पोरी आहेत, निम्मी मजुरी त्याला परवडत नाही. तो उतरेपर्यंत मी खड्ड्यात उभा राहून वर बघत होतो. उतरला. लाईन खरंच बंद होती. पण मी नियम पाळला तर चढणारा फक्त बदलला, हे मला त्या सरांना विचारायचंय. त्यांचा पत्ता आहे का तुझ्याकडं?

जूनमध्ये कॅम्प मोडेल, तेव्हा मी घरी येणार. येणार म्हणजे राहणार. तू हसशील, पण या वेळी खरं. कोर्टात जाऊ. झिरो वायरमन कुणी नव्हताच म्हणतात ना, तर हा बघा जिता झिरो, असा उभा राहतो. नातेवाईक आहे म्हणतील. म्हणू देत. चार गावांत मी किती खांब चढलो, ते ज्यांच्या मोटारी चालू झाल्या त्यांना विचारा म्हणावं. ते बोलतील का ते मला माहीत नाही. मामांच्या पाया पडून त्यांना पण बोलवंन. चहा देणारा माणूस अजून आपलाच आहे असं मी धरून चाललोय.

काकूचं काय करायचं ते मला कळत नाही. तिचा झाडू मला परत आणता येत नाही. नितीन तर नाहीच नाही. पण त्याचं एक काम राहिलं होतं, ते मला येतं. मीटरचं.

काकू तुझ्या हातचं घेणार नाही आणि माझ्या नावानं आलेलं पण नाही. म्हणून मनिऑर्डर लंकाबाईच्या नावे केली आहे. काकू दळण घेऊन येते तेव्हा लंकाबाईलाच विषय काढू दे. कुणी पाठवले असं विचारलं तर सांगावं, नितीनचे आहेत. खोटं आहे ते. पण ते मी सांगतोय, तुझ्यावर नाही.

अर्ज तू भर, निलंबित माणसाला अर्ज भरता येत नाही असं कुठं लिहिलंय का? नाव नीट घाल, गीताबाई कोंडीराम भालेराव. दर महिन्याला त्या नावाचं बिल छापून येईल आणि सोसायटीचाच माणूस ते काकूच्या हातात देऊन जाईल. आकडा काढताना मात्र लेखी लाईन क्लिअर घ्या, फीडर बंद करा, साखळ्या टाका. लागू दे अर्धा दिवस. गहू पण आता निघाला आहे. कोण चढणार ते तू विचार, मोठ्यानं विचार, आणि लंकाबाईला म्हणावं, त्या दिवशी तू ओरडू नकोस, नुसती दारात उभी राहा.

काढलेला आकडा टाकू नका. मी येईपर्यंत चुलीमागे ठेवा. जळत नाही, मला माहीत आहे.

मजुरी निम्मी असल्यानं एवढेच जमले. अनामत, वायर, एक बल्ब आणि एक बटण धरून, रुपये चारशे साठ.

भीमराज